स्वभाव बदलला? भगत नको, कारण शोधा

आळेफाट्याच्या आसपासच्या वस्त्यांत आम्ही दोन वाक्ये नेहमी ऐकतो. सून एकाएकी चिडचिड करू लागली की "हिला माहेरी पाठवा." नवरा गुमसुम झाला की "कुणीतरी करणी केली." १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. तरी आपल्या काही घरांतून आजही माणसे गुपचूप भगताकडे जातात, याची आम्हाला खंत वाटते.

कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. मग जोडीदाराचा स्वभाव अचानक बदलला तर त्यालाही कारण असणारच.

आधी शरीराकडे पाहा. थायरॉईड वाढला तर छातीत धडधड आणि चिडचिड होते. कमी पडला तर मरगळ आणि उदासी येते. रक्त कमी असलेली बाई थकून करवादते. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेऊन, उपाशीपोटी कांदा भरायला गेलेल्या माणसाची साखर उतरू शकते. घाम, थरथर, संताप, भलतेच बोलणे सुरू होते. गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्या. बाळंतिणीला पहिले काही दिवस रडू येणे नेहमीचे. दोन आठवड्यांनंतरही उदासी राहिली तर तो आजार आहे, नखरे नव्हेत. पाळी जाण्याच्या वयातही झोप उडते, मन वरखाली होते. रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत थरकाप आणि भास होऊ शकतात, म्हणून दारू डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी. टोमॅटोवर फवारणी करून आलेला माणूस अस्वस्थ झाला, घामाघूम होऊन उलट्या करू लागला, किंवा कुणीही तापात बरळू लागले, माणसे ओळखेनासे झाले, तर क्षणाचाही उशीर नको.

शरीर ठीक असेल तर परिस्थिती पाहा. पडलेला बाजारभाव, बचत गटाचा हप्ता, रात्रपाळी, हे सगळे मनावर बसते.

दवाखान्यात जाताना सांगा: बदल कधीपासून, झोप किती, जेवण किती, कोणती औषधे चालू आहेत. आळे, नारायणगाव, मंचर येथे सरकारी दवाखाने आहेत. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. मरणाची भाषा कुणी केली तर त्याला एकटे सोडू नका.

मात्र एक गोष्ट आम्ही ठामपणे सांगतो. कारण समजून घेणे म्हणजे मार सोसणे नव्हे. आजार असो वा दारू, हात उगारण्याचा हक्क कुणालाच नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा भगिनींच्या पाठीशी आहे. आधी सुरक्षित जागी जा, उपचाराचे नंतर पाहू.

विहारात दर पौर्णिमेला आपण जमतो. वंदनेनंतर अर्धा तास मनाच्या आरोग्यावर बोलू या. ज्याच्या घरी त्रास आहे त्याला तिथे लाज वाटू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

जय भीम!