निकोबार ओसाड नाही



ग्रेट निकोबार हे 'ओसाड, रिकामे बेट' असल्याचे गेल्या अंकातील पत्रलेखकांनी लिहिले आहे. नकाशा पुढ्यात नसावा, कारण देशाचे दक्षिण टोक म्हणून त्यांनी कन्याकुमारी सांगितली. ते मुख्य भूमीचे टोक. देशाचे टोक याच बेटावरचा इंदिरा पॉइंट. 2004च्या भूकंपात तो सव्वाचार मीटर खचला, तिथले दीपगृह पाण्यात आले.

बेट बहुतांशी सदाहरित जंगलाचे आहे. 1992 साली तिथे दोन राष्ट्रीय उद्याने झाली, उत्तरेला कॅम्पबेल बे आणि दक्षिणेला गॅलेथिया. शोंपेन लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गॅलेथियाच्या वाळूत लेदरबॅक कासवे अंडी घालतात. मेगापोड पक्षी तर अंड्यांवर बसतच नाही. माती-पाचोळ्याचा ढीग रचतो, कुजण्याच्या उष्णतेवर पिल्ले निघतात. आमच्याकडे उकिरड्यात हात घालून पाहिलेल्या कोणालाही ती ऊब कळेल.

बेटावर होऊ घातलेल्या प्रकल्पातले बंदर, विमानतळ हवेत की नकोत, यावर मतभेद असू द्या. पण प्रकल्पासाठी घेतली जाणारी सुमारे 130 चौरस किलोमीटर जमीन जंगलच आहे, आणि बदल्यात झाडे लावायची ती हरियाणात! शेजारच्या संग्रामपूर तालुक्यातले आमचे अंबाबरवा अभयारण्य जवळपास तेवढेच. त्याला उद्या कोणी रिकामी जागा म्हटले, तर आम्हाला चालेल?

पुढच्या अंकात बेटाचा नकाशा छापावा, ही विनंती.

– एक वाचक, जळगाव जामोद (जि. बुलढाणा)