बैलबाजार आणि विमानतळ

माझे वडील बैलबाजारात दलाली करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे अर्थशास्त्राच्या तासाला 'बाजारपेठ' हा शब्द आला, की माझ्या डोळ्यांपुढे उपरण्याखाली बोटांनी भाव करणारा वडिलांचा हात उभा राहतो.

मागे वर्गात विमान-वाहतूक नियंत्रणाची यंत्रसामग्री विकणाऱ्या कंपन्यांचा विषय निघाला. एकेका सौद्याला वर्षानुवर्षे लागतात हे ऐकून मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, "सरकारी काम, सहा महिने थांब!" सगळे हसले. मीही हसलो. आता मला ते हसणे घाईचे वाटते.

या बाजारात गिऱ्हाईक मोजकेच. बहुतेक देशांत एकच. भारतात नागरी विमानांना आकाशात वाट दाखवण्याचे काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. त्याने नाही म्हटले, तर विक्रेत्याने या देशात दुसरे कोणते दार ठोठवायचे? शिवाय एकदा घेतलेली यंत्रणा वर्षानुवर्षे वापरायची. खरेदी उरकल्यावर पोचलेल्याला पुढच्या खेपेची वाट पाहणे आले.

बरे, जुने बंद करून नवे बसवू म्हणावे, तर आकाशाला सुट्टी देता येत नाही. जुनी यंत्रणा चालू ठेवूनच नवी तिच्या शेजारी चालवून पाहायची, नियंत्रकांना तिच्यावर शिकवायचे, मग हळूहळू भार हलवायचा. आमच्याकडे नवा बैल जुन्या जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपून बघतात, तसेच हे. आणि ऐन पेरणीत जुना बैल कोणी विकत नाही.

इंग्लंडमधील स्वॉनविकचे नियंत्रण केंद्र १९९६ मध्ये सुरू व्हायचे होते. संगणक-प्रणालीतले दोष निस्तरता निस्तरता २००२ चा जानेवारी उजाडला. अमेरिकेने १९८८ मध्ये आयबीएमला दिलेले प्रचंड काम १९९४ मध्ये बरेचसे रद्दच झाले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत. मग नवख्याने दोन वर्षांत पैसे मोकळे होतील असे समजणे म्हणजे भोळेपणाच.

पण मित्रहो, धीराचे कौतुक मी डोळे झाकून करणार नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली. ३४९ माणसे गेली. कझाकस्तानचे विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते, आणि दिल्लीच्या नियंत्रकाला पडद्यावर उंची दिसतच नव्हती. उंची दाखवणारे रडार जगाला तेव्हा नवे नव्हते. धडकेचा इशारा देणारे उपकरण विमानात असलेच पाहिजे, अशी सक्ती आपल्याकडे झाली ती त्यानंतर.

पारखण्यात गेलेला वेळ वेगळा आणि टेबलावर फाइल पडून गेलेला वेळ वेगळा. पहिल्या ठिकाणी विक्रेत्याने मुकाट थांबावे. दुसऱ्या ठिकाणी त्याने थांबणे हा गुन्हाच म्हणेन मी. अडचण एवढीच, की बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

हे सारे वडिलांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "गिऱ्हाईक दात बघतंय का नुसता वेळ काढतंय, ते आपल्याला कळतं." कसे कळते, ते त्यांनी अजून मला सांगितलेले नाही.