परवाना मिळाला, बंदूक कोण सांभाळणार?



पऱ्हाटीला बोंडं धरली, ज्वारी हुरड्यात आली की आपली रात्र घरात जात नाही, जागलीत जाते. डबे वाजवून झाले, फटाके फोडून झाले, बांधाला जुन्या साड्या बांधून झाल्या. रोही आणि डुक्कर दोन दिवस बिचकतात, तिसऱ्या दिवशी त्याच साडीला अंग घासतात. म्हणून बंदुकीच्या परवान्यासाठी आम्ही अर्ज लिहून दिले, कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. त्याचा आम्हाला पश्चात्ताप नाही. पण परवाना हातात पडल्यावर पुढे काय, हे सांगायचे आम्ही विसरलो. ही चूक आमची.

गेल्या पावसाळ्यानंतर एका गावी जागलीला गेलो होतो. घरधन्याने कौतुकाने नवी ठासणीची बंदूक दाखवली. खोळीत घालून, वर गोणपाट गुंडाळून ठेवलेली. नळीत चिंधी घातली तर ती विटकरीच्या रंगाची होऊन बाहेर आली. चार बार उडवले, वरून तेल लावले आणि ठेवून दिली, असे तो म्हणाला. त्याचे काय चुकले? तेल लावले की झाले, असे त्याला दुकानदारानेच सांगितले होते.

आमच्या शेतकीच्या पदवीत बंदूक नव्हती, पण क्षार काय करतात ते होते. काळी दारू जळाली की नळीत क्षार उरतात. ते हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंड खातात. टोपीची राखही तशीच. त्यावर तेल लावले तर क्षार तेलाखाली सुखाने बसतात. क्षार तेलाने नाही, पाण्याने जातात. म्हणून बार उडवला त्याच रात्री, निदान सकाळी, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळी गरम साबणपाण्याने धुवा. चिंधी पांढरी निघेपर्यंत धुवा, खडखडीत कोरडी करा, मगच तेलाचा पातळ हात फिरवा. तोंड खाली करून ठेवा, म्हणजे जास्तीचे तेल लाकडात मुरत नाही. खोळ प्रवासापुरती, घरात ती ओल धरते.

नवी बंदूक आणली की तिला आधी नांदवावी लागते. कारखान्यातून येताना नळीत गंज न चढणारे जाड ग्रीस असते. ते रॉकेलने पुसून काढा (रॉकेल आता मिळते कुठे? डिझेल चालते). रिकाम्या नळीत गज घालून तोंडापाशी गजावर खूण करा. पुढे कधीही गज घातला आणि खूण बाहेर राहिली, तर आत काहीतरी आहे. ही एक खूण घरातल्या पोराचा जीव वाचवते. गोळी दारूवर घट्ट बसली पाहिजे. मधे पोकळी राहिली तर नळी फुटते. आणि काडतुसातली बिनधुराची दारू काढून ठासणीच्या बंदुकीत भरण्याचा शहाणपणा कोणी करू नये, हातही जाईल आणि डोळाही. पहिला बार शेतात रात्री नको. दिवसा, मागे मातीचा उंच बांध बघून, जाणत्या माणसासमोर उडवा.

काही तरुण आम्हाला विचारतात, कमरेला बसेल असे छोटे पिस्तूल का नको? बाबांनो, ते पुढाऱ्यांना शोभते. अंधारात धावत्या डुकरापुढे त्याचा उपयोग नाही. 1959 चा शस्त्र कायदाही पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक म्हणतो, ती अपुरी पडते असे अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची. बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याची परवानगी नव्हे, हेही ध्यानात ठेवा. रोही आणि रानडुक्कर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

आता सरकारला विचारू. 2016 च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षण लिहिलेले आहे, त्यात हत्याराची निगाही आहे. ते तालुक्याला का होत नाही? कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती अवजार द्यायचे आणि शिकवायचे नाही, ही रीत जुनी आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. पंप होता, औषध होते, सांगणारे कोणी नव्हते.

दुसरे दुखणे निवडणुकीचे. आचारसंहिता लागली की छाननी समिती सांगेल त्याने बंदूक ठाण्यात जमा करायची. 2024 ची विधानसभेची आचारसंहिता ऑक्टोबरच्या मध्यात लागली, मतदान 20 नोव्हेंबरला. म्हणजे ज्वारीचे कणीस आणि कापसाची वेचणी या ऐन हंगामात आपण निहत्थे. डुकरांना कोणी आचारसंहिता लावली नव्हती. जमा करण्याआधी बंदूक धुऊन, तेल देऊन द्या. पावतीवर तिची स्थिती लिहून घ्या. परत घेताना नळीतून उजेड बघितल्याशिवाय सही करू नका.

गुन्ह्याची नोंद नसलेल्या पीकरक्षक परवानाधारकाला जमा करण्यातून वगळावे आणि तालुक्याला हंगामाआधी प्रशिक्षण व्हावे, या दोन मागण्या जिल्हा बैठकीत मांडायच्या आहेत. परवानाधारकांनी परवान्याची झेरॉक्स आणावी. बंदूक घरीच ठेवा, रिकामी.