ट्रेडमिलवर कपडे कोण वाळत घालतं?

ट्रेडमिलवर टॉवेल वाळत घालण्याचा जोक आता बंद करू या. तो शिळा झालाय हे आहेच, पण माझी तक्रार वेगळी आहे. या जोकमध्ये दरवेळी एकच निकाल लागतो: मशीन चांगलं, माणूस आळशी. जानेवारीत घेतलं, पंधरा दिवस घाम गाळला, सोळाव्या दिवशी त्यावर चादर. रील बघणारा हसतो, ज्याच्या घरी मशीन आहे तो सगळ्यात मोठ्यानं हसतो, आणि ज्यानं पैसे घेऊन ते धूड खोलीत टाकून दिलं त्याचं नावसुद्धा कुणाच्या तोंडी येत नाही. फुकटात एवढा चांगला वकील कुणाला मिळतो?

मी अंबडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. त्यामुळे कॉलनीत मिक्सरपासून लिफ्टपर्यंत काहीही अडलं की रविवारी सकाळी फोन येतो, "दादा, तुम्हाला मशीनमधलं कळतं ना, जरा बघून जाता का?" २०२०च्या लॉकडाऊनपासून या फोनांमध्ये ट्रेडमिल आणि मल्टिजिमची भर पडली. जिम मार्चमध्ये बंद झाल्या त्या थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. मधल्या काळात ज्याला परवडलं त्यानं मशीन घरीच आणलं, आणि ती सवय पुढेही राहिली. पाथर्डी फाट्यापासून गंगापूर रोडपर्यंत मी अशी बरीच मशीनं बघितली आहेत. दृश्य साधारण सारखंच. मशीनची पाठ भिंतीला किंवा पलंगाला टेकलेली. प्लग एक्स्टेन्शन बोर्डात. सेफ्टी कीची दोरी हँडलला गुंडाळून ठेवलेली. माहितीपुस्तिका टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, पिशवीतून बाहेरसुद्धा न आलेली.

चहा होईपर्यंत थोडं बोलत बसलं की आळसाच्या मागचं खरं कारण बाहेर येतं. इंदिरानगरच्या एक काकू आधी म्हणाल्या, "वेळच मिळत नाही रे." मग म्हणाल्या, पट्टा एकदम झटक्यानं सुरू झाला होता, हँडल धरायला गेले तर गुडघा आपटला. त्यानंतर त्या मशीनवर चढलेल्या नाहीत, आणि घरात कुणाला सांगितलंही नाही, कारण सांगितलं असतं तर हसले असते. दुसऱ्या एका घरी पट्टा एका बाजूला सरकून घासायचा आणि रबर जळल्याचा वास यायचा. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर आधी व्हिजिट चार्ज भरा. तिसऱ्या घरी हँडलला हात लावला की मुंग्या यायच्या. "स्टॅटिक असेल," असं फोनवर सांगण्यात आलं होतं.

या मुंग्यांवर थोडं थांबू, कारण यात जीव जातो. जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या रोहिणी भागातल्या एका जिममध्ये ट्रेडमिलवर चालताना २४ वर्षांचा एक तरुण कोसळला. पोस्टमॉर्टेममध्ये कारण निघालं विजेचा धक्का. जिमच्या मॅनेजरला अटक झाली. ट्रेडमिलचा सांगाडा लोखंडी, त्यावर घामेजलेला माणूस, आत मोटर. आतली एखादी वायर सोलवटून सांगाड्याला टेकली तर तो करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर तो तुमच्यातून जाणार. आपल्याकडे कितीतरी जुन्या फ्लॅटमध्ये प्लगला तिसरं भोक असतं, पण त्याच्यामागे वायरच जोडलेली नसते, आणि हे बाहेरून कुणालाही दिसत नाही. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असतो, सोळा अँपियरचा एमसीबी पडायच्या कितीतरी आधी माणूस मरतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. ३० मिलिअँपियरची गळती झाली की तो वीज तोडतो. घरात तो आहे का बघा, असेल तर त्याच्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून महिन्यातून एकदा पडतो का तेही बघा. आणि ओले कपडे खरंच ट्रेडमिलवर घालत असाल तर निदान प्लग तरी काढा, मोटर त्याच कव्हरखाली आहे.

रोहिणीत अटक करायला मॅनेजर होता. घरात मॅनेजर कोण? तुमची आई?

आता जागेचं बघा. ट्रेडमिलच्या सुरक्षेची जी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत त्यांत मशीनच्या मागे दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर मोकळी जागा सोडायला सांगितली आहे. नाशिकमधल्या टू बीएचकेची बेडरूम धरा दहा बाय बारा फुटांची. बारा फूट म्हणजे साधारण ३.६५ मीटर. मशीनच पावणेदोन मीटरच्या आसपास लांब असतं. त्यात मागचे दोन मीटर मिळवले की खोली संपली, पलंगाचं आणि कपाटाचं तुम्ही बघा. ऑर्डर घेताना पिनकोड विचारतात, ईएमआय किती महिन्यांचा ते विचारतात, मजला आणि लिफ्टसुद्धा विचारतात. खोलीची लांबी कुणी विचारत नाही. विचारली तर निम्म्या ऑर्डरी तिथंच पडतील. मग मशीन भिंतीला पाठ लावून उभं राहतं, आणि तोल गेलेला माणूस मागे फेकला जातो तो भिंत आणि फिरता पट्टा यांच्या बेचक्यात. पट्ट्याला काही कळत नाही, तो फिरतच राहतो आणि कातडी सोलत राहतो.

आमच्या शॉपमध्ये असा पट्टा असता तर? ट्रेडमिल म्हणजे शेवटी कन्व्हेयर बेल्टच आहे. दोन रोलर, एक पट्टा, एक मोटर. आम्ही ज्यावर शिकलो त्या १९४८च्या कारखाना कायद्यात कलम २१ होतं: फिरत्या भागाला जाळी किंवा कुंपण हवंच. कलम २२ होतं: चालू मशीनजवळ तपासायला किंवा तेल द्यायला जायचं तर तो प्रशिक्षण घेतलेला माणूस हवा, अंगाला घट्ट बसणारे कपडे हवेत, त्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहिलेलं हवं. सातपूर-अंबडमध्ये नोकरी केलेला कुणीही हे झोपेत सांगेल. तोच माणूस घरी येतो तेव्हा त्याची बायको ओढणी घेऊन ट्रेडमिलवर चालत असते आणि तीन वर्षांचं पोर मागच्या रोलरपाशी बसून गाडी खेळत असतं. त्या रोलरला जाळी नाही. गेटच्या आत जो धोका आहे तो फ्लॅटमध्ये 'फिटनेस' कसा होतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

अमेरिकेतलं एक उदाहरण या बाबतीत लखलखीत आहे. पेलोटन नावाच्या कंपनीच्या ट्रेड प्लस या महागड्या मशीनखाली मुलं ओढली जात होती, सहा वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं हे मशीन वापरू नका असा जाहीर इशारा दिला. कंपनीनं तो इशाराच दिशाभूल करणारा ठरवला. तिचं म्हणणं होतं, सूचना पाळा, मुलांना लांब ठेवा, वापर झाला की सेफ्टी की काढून ठेवा, मग काही होत नाही. तीन आठवड्यांच्या आत, ५ मे रोजी, त्याच कंपनीनं सुमारे सव्वा लाख मशीनं परत बोलावली आणि तिच्या प्रमुखानं माफी मागितली. पुढे २०२३ मध्ये एक कोटी नव्वद लाख डॉलरचा दंडही झाला. तो कशाच्या जोरावर झाला? लोकांनी तक्रारी नोंदवल्या होत्या म्हणून. बाहत्तर घटनांची नोंद होती. तिथल्या आईबापांनी 'आमचंच लक्ष नव्हतं' म्हणत हसून सोडून दिलं असतं तर मशीन अजून विकलं गेलं असतं.

आणि विकताना काय सांगतात तेही ऐका. 'सहा एचपी पीक' असं खोक्यावर ठळक छापलेलं मी स्वतः पाहिलंय. घरातला मोठ्यातला मोठा प्लग सोळा अँपियरचा. २३० व्होल्ट गुणिले १६ म्हणजे ३६८० वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. भागून बघा, पाचसुद्धा येत नाहीत! म्हणजे हे मशीन सहा एचपी घेतं तरी कुठून? हा आकडा क्षणभराचा, प्रयोगशाळेतला. तुम्हाला हवा तो सतत चालण्याचा आकडा, तो बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. आमच्याकडे असल्या नेमप्लेटची मोटर स्टोअरवाला गेटवरूनच परत पाठवेल.

मला तालमीचं गुणगान करायचं नाही. तालीम सगळ्यांची कधीच नव्हती, बायकांची तर नव्हतीच. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे पाचला धावायचं स्वातंत्र्य माझ्या बहिणीला कागदावरच आहे, तिला स्वयंपाक आणि मुलाची शाळा उरकून दुपारी अडीचला जी अर्धी तास फट मिळते त्यात घरातलं मशीनच उपयोगाचं. म्हणूनच ते नीट बसवलेलं हवं. तरी एक गोष्ट तालमीकडून घ्यावीच लागेल. मल्लखांब ज्यांनी नव्यानं उभा केला ते बाळंभटदादा देवधर आमच्याच जिल्ह्यातल्या कोठुऱ्याचे. वणीच्या गडावर माकडांकडून त्यांना ही विद्या मिळाली अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवा, साधन बघा. खांबाची बोंड, मान, अंग ठरलेलं, लाकडाला एरंडेल, खाली मऊ माती, आणि नवं पोर वर चढलं की बाजूला हात पुढे करून उभा असलेला माणूस. त्या उभ्या माणसासकट ते साधन पुरं होतं. दोनशे वर्षांनी आपण त्याच जिल्ह्यात मोटर लावलेलं साधन आणतो आणि तो माणूस वगळतो.

त्याच्या जागी येतो फिटर. माझ्या मावशीकडे आला तो वीस मिनिटांत बोल्ट आवळून, हिरवं बटण दाबून दाखवून, ओटीपी घेऊन गेला. प्लगचं अर्थिंग तपासाल का विचारलं तर म्हणाला, "साहेब, ते आमच्याकडे येत नाही. अजून चार डिलिव्हऱ्या आहेत." मी त्याच्यावर चिडलो नाही. त्याला पैसे जोडणीमागे मिळतात, शिकवण्याचे कुणी देत नाही.

तुमच्यातले बरेच जण हे वाचताना पुण्यात किंवा बंगळुरूत असतील आणि इथल्या आईबाबांसाठी मोबाईलवरून मशीन मागवायच्या बेतात असतील. मागवा. पण डिलिव्हरीच्या दिवशी इथे या, नाही जमलं तर तारीख पुढे ढकला. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून सोळा अँपियरचा वेगळा पॉइंट काढून घ्या, एक्स्टेन्शन नको. मशीनच्या मागे दोन मीटर सुटत नसतील तर ट्रेडमिल घेऊच नका, स्थिर सायकल घ्या, तिच्यावरून कुणी मागे फेकलं जात नाही. आईला आधी बंद मशीनवर चढ-उतर करू द्या. सुरू करताना पाय पट्ट्यावर नकोत, दोन्ही बाजूंच्या कडांवर हवेत, सगळ्यात कमी वेग, मग एकेक पाय. सेफ्टी कीची क्लिप कपड्याला लावून, पट्टा चालू असताना मुद्दाम ओढायला लावा, एकदा नाही, पाच वेळा, म्हणजे तिच्या हाताला ते कळेल. साडीचा पदर, ओढणी, गाऊन नको. बाबांना बीपी, शुगर, छातीत कधी दुखलेलं असेल तर आधी डॉक्टर, आणि खोलीला आतून कडी नको. वापर झाला की की काढून उंचावर. मल्टिजिम असेल तर केबलवरून दर आठवड्याला नजर फिरवा, एक तार जरी तुटून बाहेर आली असेल तरी बदला. वजनाच्या थप्पीत मशीनसोबत आलेलीच पिन घाला, आमच्या शेजाऱ्यानं घातला होता तसा स्क्रूड्रायव्हर नको.

हे सगळं मी सांगतोय, पण सांगायचं काम माझं नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या दायित्वाचं पूर्ण प्रकरण आहे. कलम ८४ म्हणतं, इजा टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नसतील तर उत्पादक जबाबदार. सिन्नरच्या माझ्या मावशीला इंग्रजीतलं चाळीस पानी पुस्तक देणं म्हणजे 'पुरेशा सूचना' का, हा प्रश्न एकदा कुणीतरी ग्राहक आयोगासमोर न्यायलाच हवा. २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही आहे, धोकादायक वस्तू बाजारातून परत बोलवायचा आदेश ते देऊ शकतं. पण त्याच्यापर्यंत काही पोचायला हवं ना. तिथे रील पोचत नाहीत.

हेल्पलाइनचा नंबर १९१५. तक्रारीत 'मशीन खराब आहे' एवढंच लिहू नका, लगेच वॉरंटीचा वाद सुरू होतो. जोडणीला किती मिनिटं लागली ते लिहा. खोली मोजली होती का, अर्थिंग तपासलं होतं का, सेफ्टी की वापरून दाखवली होती का, पुस्तिका कुठल्या भाषेत होती, ते लिहा. कुणाला काय लागलं ते तारखेसकट लिहा, नुसता गुडघा आपटला असला तरी.