व्यक्तिचित्राचे अंतर

‘व्यक्तिचित्र’ हा शब्द मराठीत आपण दोन कलांसाठी सारख्याच सहजतेने वापरतो. ‘व्यक्ती आणि वल्ली’मधले लेखन हे व्यक्तिचित्र आणि कॅमेऱ्याने टिपलेला चेहरा हेही व्यक्तिचित्रच. लेखी व्यक्तिचित्र वर्गात वाचताना निवेदक माणसापासून किती अंतरावर उभा आहे, हे आपण आवर्जून पाहतो. पण पहिला डिजिटल कॅमेरा घेतलेला विद्यार्थी ‘पोर्ट्रेटसाठी परवडणारी लेन्स कोणती?’ असे विचारतो, तेव्हा त्याला मिळणाऱ्या उत्तरात अंतराचा उल्लेख सहसा नसतो. मागची पार्श्वभूमी किती धूसर होईल, एवढेच त्याला सांगितले जाते. हा सल्ला अपुरा तर आहेच, पण व्यक्तिचित्राच्या मुळावर येणाराही आहे, असे माझे मत आहे.

चेहरा बिघडतो तो लेन्समुळे नव्हे, अंतरामुळे. अर्ध्या मीटरवरून पाहिले तर नाकाचे टोक कानांपेक्षा दहा-बारा सेंटिमीटर जवळ असते. म्हणजे एकूण अंतराच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याने. साहजिकच नाक फुगते, कान मागे सरतात. दोन मीटरवर हाच फरक विसाव्या हिश्श्याच्या आसपास येतो आणि चेहरा ओळखीचा दिसू लागतो. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ची लेन्स १८वर ठेवून चेहऱ्याने चौकट भरायची तर अगदी जवळ जावे लागते. दोष तिथे आहे. लेन्स निवडणे म्हणजे आपण कोठे उभे राहणार हे निवडणे.

आता खोलीचा विचार करू. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांतला सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून १.५ ते १.६ पटींनी आखूड असतो, त्यामुळे ५० मिलिमीटरची लेन्स त्यांवर फिल्मवरच्या ७५ ते ८० मिलिमीटरइतकीच चौकट दाखवते. कॅमेरा उभा धरला तर दीड मीटरवरून डोके आणि खांदे नीट बसतात. बसलेल्या माणसाचे हात, मांडीवरचे पुस्तक हेही हवे असेल तर अडीच मीटर पुरतात. याच दुसऱ्या चित्रासाठी ८५ मिलिमीटरला चार मीटरांहून अधिक मागे जावे लागेल, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तेवढे मागे जाणे म्हणजे भिंतीतून पलीकडे जाणे! ८५ मिलिमीटरची लेन्स देखणी असते, महागही असते. ती बागेत किंवा सभागृहात शोभते.

५० मिलिमीटर, एफ/१.८ ही लेन्स स्वस्त असते याचे कारण तिच्या दर्जात नाही, रचनेत आहे. तिची घडण १८९६ साली पाउल रुडोल्फ यांनी झाइससाठी सिद्ध केलेल्या प्लानार लेन्सच्या कुळातली आहे. कॅननच्या ५० मिलिमीटर, एफ/१.८मध्ये केवळ सहा भिंगे आहेत. सव्वाशे वर्षे घासूनपुसून घेतलेली ही रचना आहे. तिच्यावर गरिबीचा शिक्का मारण्याचे कारण नाही.

एफ/१.८चा खरा लाभ प्रकाशाचा आहे. ५५वर एफ/५.६पर्यंतच उघडणाऱ्या जुन्या लेन्सच्या तुलनेत ती सुमारे दहापट प्रकाश आत घेते. संध्याकाळी खिडकीशी बसलेल्या वृद्ध लोककलावंताचे चित्र फ्लॅशचा झोत न टाकता घेता येते, ते यामुळे. पण ती पूर्ण उघडी ठेवली तर दीड मीटरवर सहा-सात सेंटिमीटर खोलीचाच भाग सुस्पष्ट राहतो: डोळे स्वच्छ आणि कान विरघळलेले. एफ/४वर हीच खोली चौदा सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि सगळा चेहरा तिच्यात मावतो.

धूसर पार्श्वभूमीच्या हौसेला माझा आक्षेप इथे आहे. आपल्यापैकी अनेक जण विभागाच्या वार्षिकासाठी, मुलाखतींसाठी लेखक-कलावंतांची चित्रे घेतात. त्या माणसामागचे पुस्तकांचे फडताळ, भिंतीवरचे कॅलेंडर, कोपऱ्यातली पेटी हे सारे लोण्यासारखे वितळवून टाकायचे आणि उरलेल्या चेहऱ्याला व्यक्तिचित्र म्हणायचे? परिसर गाळून लिहिलेले व्यक्तिचित्र आपण वर्गात चांगले म्हणून शिकवणार नाही. कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९४६मध्ये पॅरिसच्या पाँ दे आर पुलावर घेतलेल्या सार्त्रच्या चित्रातून तो पूल आणि ते धुके काढून टाकले तर काय उरेल?

कार्तिए-ब्रेसाँ प्रामुख्याने ५० मिलिमीटरच वापरत, हे खरे, पण फिल्मवर. त्यांची ५० आणि आपल्या लहान सेन्सरवरची ५० एक नव्हे. त्यांच्या नजरेची रुंदी हवी असेल तर आपल्याला ३५ मिलिमीटरकडे वळावे लागते. माणूस त्याच्या खोलीसह टिपायचा असेल, तर मी ३५ मिलिमीटर सुचवीन. चेहऱ्यावर अधिक भर असेल, तर ५०. एकच घेणे परवडत असेल आणि मन ठरत नसेल, तर आधी हातातली १८-५५ एक आठवडा केवळ ३५वर आणि पुढचा आठवडा केवळ ५०वर ठेवून घरच्यांची चित्रे काढावीत. पाय कोठे थांबतात ते पाहावे. या प्रयोगाला पैसे पडत नाहीत.

जुनी लेन्स घेताना एक काळजी मात्र घ्यावी. निकॉनच्या डी३०००, डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. तिथे ‘एएफ-डी’ प्रकारची ५० मिलिमीटर बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. ‘एएफ-एस’ अशी अक्षरे असलेलीच मागावी. कॅननच्या ईएफ लेन्सना ही अडचण नाही. त्या कंपनीच्या आरएफ माउंटच्या मिररलेस कॅमेऱ्यांवरही त्या अ‍ॅडॉप्टर लावून चालतात.