कुलूप नसलेले कपाट

संस्थेच्या जडणघडणीचा इतिहास मी लिहावा, असे संपादक मंडळाने सुचवले होते. इतिहासाचा शिक्षक म्हणून ते काम मला आवडलेही असते. पण त्या विषयावर इतर मान्यवर लिहीत आहेत, आणि माझ्या मनात गेली काही वर्षे निराळाच विषय घोळतो आहे. तो म्हणजे आपल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारे सर. नाव छापू नये, ही त्यांची अट. माजी विद्यार्थी ओळखतीलच.

वेळापत्रकात संपला म्हणून सरांचा तास संपत नाही. सकाळची वंदना आटोपून मुले न्याहारीच्या रांगेत उभी राहिली की सर स्वयंपाकघराच्या दारात हजर. झाकण घट्ट बसले, आत वाफ कोंडली, दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि म्हणून डाळ लवकर शिजते, हे ते कुकरसमोर उभे राहून सांगतात. ‘‘सर, तुमचा दाब राहू द्या, आधी मला डाळ उतरवू द्या,’’ असे मावशींनी त्यांना एकदा सुनावलेही होते. जेवताना वाटीच्या तळाशी नाणे ठेवायचे, ते दिसेनासे होईपर्यंत मुलाला मागे सरकवायचे आणि मग वाटीत हळूच पाणी ओतायचे, हा त्यांचा जुना खेळ. दडलेले नाणे वर येते तेव्हा पाचवीतले पोर ओरडते. ‘अपवर्तन’ हा शब्द त्याला दहावीत भेटतो, तो ओळखीचा होऊन.

सरांचा खरा जीव दुर्बिणीत. चष्म्याच्या दुकानातून आणलेले अधिक एक क्रमांकाचे भिंग, म्हणजे नाभीय अंतर १ मीटर. दुसऱ्या टोकाला ५ सेंटिमीटरचे छोटे भिंग. मध्ये नळकामाचा पाइप. वीसपट मोठे दिसते, तेही उलटे. एका वैशाख पौर्णिमेला कार्यक्रमास आलेले पालक चंद्र पाहायला रांगेने उभे राहिले. सरांनी सर्वांना दाखवला, पण म्हणाले, ‘‘अष्टमीला या. आज ऊन समोरून पडले आहे, सावल्याच नाहीत. विवरे कशी दिसणार?’’ अष्टमीला फार थोडे आले. जे आले, त्यांनी प्रकाश आणि अंधाराच्या सीमेवरची विवरे डोळ्यांनी पाहिली.

मी ज्या शाळेत शिकलो, तिथेही प्रयोगशाळा होती. काचेचे कपाट, त्याला कुलूप. प्रयोग गुरुजी करायचे, आम्ही फळ्यावरचे आकडे उतरवून घ्यायचो. परीक्षेच्या दिवशी स्क्रूगेज प्रथमच हातात आले आणि ते कोणत्या बाजूला फिरवायचे हेच मला कळेना. माझ्या इतिहासप्रेमाचे कौतुक होते तेव्हा मी गप्प बसतो. त्या प्रेमात त्या फजितीचाही वाटा आहे.

ज्या समाजाला तळ्यातल्या पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ साली महाडला जावे लागले, त्याच्या मुलांनी विज्ञान काचेआडून पाहावे, हे मला सोसत नाही. उपकरण महाग असते, फुटते, हे सारे मान्य. पण ‘हात लावू नकोस’ हे वाक्य आपल्या मुलांना उच्चारताना शिक्षकाने दोनदा विचार करावा.

सरांना मी एकदा मेघनाद साहांची हकीकत सांगितली. ढाक्याजवळच्या खेड्यातील किराणा दुकानदाराचा हा मुलगा, जन्म १८९३. कोलकात्याच्या ईडन हिंदू वसतिगृहात जातीपायी त्यांना इतरांच्या पंगतीत जेवू दिले जात नसे. याच साहांनी १९२० साली आयनीभवनाचे समीकरण मांडले आणि ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचे तापमान सांगता येऊ लागले. त्या बदल्यात सरांनी मला ते समीकरण समजावले. मला ते अर्धेच समजले. पण नंतर ताऱ्यांचा विषय निघाला की पंगतीची गोष्ट वर्गात सांगितली जाऊ लागली, आणि वसतिगृहातली मुले ती फार शांतपणे ऐकतात.

यंदा माजी विद्यार्थ्यांनी प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी वर्गणी काढायचे ठरवले आहे. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. तरीही मी स्पष्टच लिहितो, कमान थांबू शकते. वर्गात चाळीस मुले आणि चालू स्थितीतले अमीटर तीन. प्रयोगशाळेला साहाय्यक नाही, म्हणून रविवारी सर स्वतः काचनळ्या धुतात. निवृत्तीला त्यांची चारच वर्षे उरली आहेत. पुढे येणारा शिक्षक असा वेडा असेलच, हे कुणी सांगावे?

लागणाऱ्या वस्तूंची यादी सरांनी मला लिहून दिली आहे. मागेल त्याला मी ती देईन. त्या निमित्ताने प्रयोगशाळेची मोडतोड नोंदवहीही पाहिली. परीक्षानळ्या, एक तापमापक, दोन भिंगे. कारणाच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी सरांच्या अक्षरात एकच शब्द आहे : ‘वापर’.