पाळी गेल्यावरची जळजळ सोसायची कशाला?

बेटम्याच्या काळ्या रानात सोयाबीन कापायला सकाळी गेलेली बाई दिवसभर पाण्याचा घोट टाळते, कारण आडोशाला जागा नसते. तरुणपणी हे निभते. पाळी कायमची थांबली की मात्र लघवीला जळजळ, वारंवार घाई, ओझे उचलताना थेंब गळणे, कोरडेपणा, खाज असे एकेक सुरू होते. "वयच झाले," म्हणून ती पाणी आणखी तोडते आणि दुखणे वाढवून घेते.

पाळी थांबल्यावर शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते. त्यामुळे योनिमार्गाचे व मूत्रमार्गाचे अस्तर पातळ होते, तिथली नैसर्गिक आम्लता कमी होते आणि शौचाच्या जागेवरचे जंतू मूत्राशयाकडे सहज चढतात. बांध खचला की पाणी शिरायचेच! साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुतल्यास कोरडेपणा वाढतोच.

गप्प सोसण्याची ही रीत आपल्याच भागातली नाही. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. माझ्या मते दोष लाजेचा तसाच आपल्या नजरेचाही आहे. बाळंतपण संपले की बाईच्या दुखण्याची चौकशी संपते. गाईची कास सुजली तर आपण त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावतो.

उपचार आहे. आधी लघवी व रक्तातील साखर तपासावी. औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणून भागवू नये. डॉक्टर योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम देऊ शकतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या स्त्रियांपैकी औषधाविना मलम लावणाऱ्यांना वर्षाकाठी सरासरी ५.९ वेळा संसर्ग झाला, असे औषधी मलम लावणाऱ्यांना ०.५ वेळा. स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास तेवढे डॉक्टरांना आधी सांगावे.

शेतमालकांनी चार बांबू व जुनी पोती लावून शेतात आडोसा करावा. खर्च तो काय! आणि पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी कापणी टाकून इंदूरला मोठ्या दवाखान्यात दाखवावे. तो कर्करोगाचा पहिला इशारा असू शकतो. मुलाने आईबरोबर जावे.